हात शेवटी येतो

“सर, हात तं पुरा लावला ना जी. मंग बॉल जाळ्यातच कायले जाते?”

सातवीतल्या पोरानं हे विचारलं तेव्हा त्याचा उजवा खांदा कानापर्यंत चढलेला होता आणि बोटं मुठीवर पांढरी पडली होती. त्याचं म्हणणं खरं होतं. हात त्यानं पुरा लावला होता. अडचण तीच होती. पाय खुंट्यासारखे रोवलेले, छाती जाळ्याकडे, कंबर ढिम्म, आणि सगळं ओझं एकट्या हातावर. टेनिस शिकणाऱ्या बहुतेक मुलांचं पहिल्या वर्षात हेच होतं. आणि शिकवणाराही हातापलीकडे बघत नसेल, तर ते कायमचं तसंच राहतं.

आमचं कोर्ट यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका शाळेच्या मागं आहे. काळ्या मातीवर कोर्ट टिकत नाही. पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल, उन्हाळ्यात पंजा आत जाईल एवढ्या भेगा. म्हणून वर मुरूम टाकला, दाबला, खळं सारवतात तसं शेणामातीनं सारवलं आणि चुन्यानं रेघा ओढल्या. जाळं जुन्या व्हॉलीबॉलचं. मापं मात्र नियमाची : लांबी ७८ फूट, एकेरीची रुंदी २७ फूट, जाळं मधोमध ३ फूट आणि खांबांजवळ साडेतीन. मापाच्या बाबतीत मी हट्टी आहे. शरीर जे शिकतं ते त्या मापाला धरून शिकतं.

शरीर हालचाल कशी करतं, जोर कुठं तयार होतो, कुठून कुठं जातो आणि वाटेत कुठं सांडतो, याचा हिशेब मांडणारं शास्त्र म्हणजे जैवयांत्रिकी. नाव जड आहे, पण ज्यानं कधी गोफण फिरवली त्याला त्यातलं निम्मं आधीच येतं. मला हे एका म्हाताऱ्यांमुळे कळलं. त्याच पोराचे आबाजी संध्याकाळी कोर्टाच्या कडेला येऊन बसायचे. नातवाचे फटके बघून त्यांना राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी घरून सुताची जुनी गोफण घेऊन आले आणि म्हणाले, “पोरा, हात नाई फेकत गोटा. कंबर फेकते. पाय रोव अगुदर.”

त्यांनी डावा पाय पुढं टाकला, डोक्यावर दोन फेरे घेतले आणि गोटा सोडला. मी गोट्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होतो. आधी मागच्या पायानं जमीन ढकलली. मग कंबर वळली. कंबर वळून थांबता थांबता खांदा निघाला. खांद्यामागून कोपर, कोपरामागून मनगट, आणि सगळ्यांत शेवटी दोरी. वयाची सत्तरी ओलांडलेल्या, दंडावर फारसं मांस न राहिलेल्या माणसाचा गोटा नाल्यापलीकडे जाऊन पडला. आमच्याकडे ज्वारी होती तोवर पाखरं हाकायला मचाणावर गोफण असायची. सोयाबीन आलं, ज्वारी आटली, आणि तिच्यासोबत हे अंगातलं ज्ञानही मुलांच्या हातून सुटलं. याची मला खरोखर हळहळ वाटते.

आबाजींनी दाखवला तो क्रम जैवयांत्रिकीत गतिसाखळी म्हणून ओळखला जातो. पाय, कंबर, धड, खांदा, कोपर, मनगट, रॅकेट. जाड आणि जड कडी आधी हलते, हलकी कडी नंतर. असं का, हे समजून घेण्यासारखं आहे. जड भाग हळू फिरतो, पण त्यात साठा मोठा असतो. तो थांबू लागला की साठा नाहीसा होत नाही, पुढच्या हलक्या भागात जातो. भाग हलका असल्यामुळे त्याच साठ्यात त्याला जास्त वेग मिळतो. चालत्या बैलगाडीत उभे असताना बैल एकदम थांबले तर आपण पुढं फेकले जातो. गाडी थांबते, आपण थांबत नाही. तसंच कंबर थांबते आणि खांदा पुढं फेकला जातो, खांदा थांबतो आणि हात. आसुडाचा ‘फट्’ आवाजही असाच निघतो. मुठीकडून निघालेली लाट बारीक होत जाणाऱ्या टोकाकडे जाते, आणि टोकाचा वेग आवाजाच्या वेगाच्याही वर जातो.

म्हणजे थांबणं हा फटक्याचाच भाग आहे. हे मुलांना पटायला वेळ लागतो. त्यांना वाटतं, सगळं एकदम जोरात फिरवलं की जास्त जोर मिळेल. सगळं एकदम फिरलं तर कुणीच कुणाला काही देत नाही.

साखळीचं पहिलं टोक जमिनीत आहे. आपण जमिनीला जेवढं ढकलतो तेवढीच जमीन आपल्याला उलट ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम मुलांनी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेला असतो आणि पायांत कधी अनुभवलेला नसतो. त्यासाठी मी एक खेळ घेतो. प्रत्येकानं चेंडू तीन प्रकारे फेकायचा. आधी जमिनीवर पाय पसरून बसून, मग गुडघ्यांवर उभं राहून, मग पायांवर उभं राहून. जिथं पडला तिथं चुन्याची खूण करायची. तीन खुणांमधलं अंतर बघून सांगायला काही उरत नाही. हात तोच, चेंडू तोच. वाढला तो फक्त जमिनीचा वाटा.

सर्व्हिसमध्ये, म्हणजे खेळी सुरू करणाऱ्या डोक्यावरच्या फटक्यात, हा वाटा किती, याचं उत्तर अमेरिकेतले क्रीडावैद्यक बेन किब्लर यांनी १९९५ मध्ये दिलं आहे. चेंडूकडे जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे निम्मी पाय, कंबर आणि धड यांतून येते. त्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या ब्रूस एलियट आणि सहकाऱ्यांनी वेगळं मोजमाप केलं. चेंडूला लागण्याच्या क्षणी रॅकेटचा जो वेग असतो, त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग दंड खांद्याच्या खोबणीत आतल्या बाजूला फिरण्यातून येतो, असं त्यांना आढळलं. पहिल्यांदा वाचताना मी गोंधळलो. निम्मं पायांतून की निम्मं खांद्यातून?

दोन्ही खरं आहे, आणि ते कळायला शेतातला पाइप पुरतो. विहिरीवर मोटार आहे. पाइपच्या टोकाला बारीक तोंडाची तोटी लावली की पाणी सपकन लांब उडतं. वेग दिसतो तो तोटीजवळ. जोर आला तो मोटारीतून. खांद्याचं फिरणं म्हणजे तोटी, पाय आणि कंबर म्हणजे मोटार. आता मध्ये एखादा जॉइंट गळका असला तर? म्हणजे गुडघे वाकलेच नाहीत, किंवा कंबर आणि खांदे एकाच वेळी वळले. टोकाला पाणी कमी येणार. त्यावर मूल काय करतं, तर तोटी आणखी दाबतं. खांदा आणि कोपर यांच्याकडून त्यांच्या ऐपतीबाहेरचं काम करून घेतं. मुलांच्या खांद्याची बहुतेक दुखणी मला तरी या गळक्या जॉइंटपाशीच सापडली आहेत. दुखतं खांद्यात, बिघाड असतो गुडघ्यात.

आता फोरहँड, म्हणजे तळहाताच्या बाजूनं मारायचा फटका. चेंडू येताना दिसला की पहिलं काम रॅकेट मागं नेण्याचं नाही. पहिलं काम खांदे वळवण्याचं. खांदे वळले की रॅकेट आपोआप मागं जाते. पाठीचा थोडा भाग जाळ्याला दिसला पाहिजे. कंबर मात्र खांद्यांपेक्षा कमी वळते. या फरकामुळे धडाचे स्नायू पिळले जातात, ओला टॉवेल पिळावा तसे. गलोलीचं रबर ताणलं की त्यात जोर साठतो, तसा ताणलेल्या स्नायूत आणि त्याला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यात जोर साठतो. पण रबर आणि स्नायू यांत एक मोठा फरक आहे. गलोल ताणून नेम धरत बसलात तरी रबर जोर धरून ठेवतं. स्नायू ठेवत नाही. ताणून थांबलात की साठलेला जोर उष्णता होऊन विरतो, आणि सेकंदभरात त्यातला बराचसा गेलेला असतो. ‘रॅकेट मागं नेऊन तयार उभा राहा’ ही सूचना अजूनही सर्रास ऐकू येते. ती दिसायला शिस्तीची आहे, पण तिनं मुलाचा जोर फुकट जातो. मागं जाणं आणि पुढं येणं यांत खंड नको. रॅकेटचं टोक मागं एक छोटा वळसा घेऊन खाली येतं, ते याच कारणासाठी.

चेंडू तारांवर असतो तो वेळ सुमारे ५ मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा दोनशेवा भाग. ताशी ७० किलोमीटर वेगानं येणारी रॅकेट तेवढ्यात १० सेंटीमीटर सरकते. अर्धी वीत. सगळं काही त्या अर्ध्या वितीत ठरतं. चेंडूची दिशा एका अंशानं चुकली तर समोरच्या बेसलाइनपर्यंत, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेघेपर्यंत, पोचेस्तोवर तो सुमारे ४१ सेंटीमीटर बाजूला गेलेला असतो. म्हणून त्या अर्ध्या वितीत रॅकेटचं तोंड स्थिर हवं, आणि ते स्थिर राहतं चेंडू शरीराच्या पुढं गाठला तर. चेंडू बरगडीजवळ येऊ दिला की कोपर अंगाशी अडकतं, आणि मनगट वळवून वेळ मारून न्यावी लागते.

मनगटाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. मी शिकत होतो तेव्हा एका प्रशिक्षकांनी मला ‘मनगट मार, मनगट मार’ असंच शिकवलं. दोन वर्षांत माझं कोपर इतकं दुखू लागलं की विहिरीवरून भरलेली बादली उचलता येईना. चांगल्या फोरहँडमध्ये मनगट मारलं जात नाही. हात पुढं येतो, रॅकेट मागं रेंगाळते, त्यामुळे मनगट मागच्या बाजूला वाकतं, आणि चेंडू लागतानाही ते बरंचसं तसंच असतं. नंतर जी झटक्यासारखी हालचाल दिसते ती साखळीच्या शेवटच्या कडीनं आपसूक केलेली असते. आपण मनगटाला एवढंच सांगायचं, की अडवू नकोस. त्यासाठी मूठ सैल लागते. चिमणीचं पिल्लू हातात धरावं तेवढी, असं मी मुलांना सांगतो. पिल्लू पडायला नको आणि चेंगरायलाही नको.

मग चेंडू वळतो कसा? रॅकेट चेंडूच्या खालून येऊन वर जात असेल तर तारा चेंडूला मागून वर घासतात आणि तो पुढच्या दिशेनं गोल फिरू लागतो. हा टॉपस्पिन. फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा वरच्या दिशेला ढकलतो आणि त्यामुळे स्वतः खाली दाबला जातो. तिरक्या रॅकेटनं मारलेल्या चेंडूची वाट वाकते हे न्यूटननं १६७२ मध्ये एका पत्रात नोंदवून ठेवलं आहे. तो तेव्हाचा राजेरजवाड्यांचा, भिंतीआडचा टेनिस होता, आजचा नव्हे. पुढं १८५२ मध्ये जर्मनीच्या हाइनरिख माग्नुस यांनी या परिणामाचा अभ्यास केला म्हणून त्याला माग्नुस परिणाम म्हणतात, आणि १८७७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी खास टेनिसच्या चेंडूवरच निबंध लिहिला. स्पेनचा टेनिसपटू राफाएल नदाल याच्या फोरहँडचे फेरे मोजले गेले तेव्हा सरासरी मिनिटाला ३,२०० च्या घरात भरली.

आमच्या मुलांना याचा उपयोग सरळ आहे. टॉपस्पिन असेल तर चेंडू जाळ्यावरून हात-दीड हात उंच घालता येतो, तरी तो कोर्टात पडतो. त्या सातवीतल्या पोरानं मग काय केलं? मी त्याला जोर वाढवायला सांगितलंच नाही. जाळ्याच्या वर दोन हातांवर एक सुतळी बांधली आणि म्हटलं, चेंडू सुतळीवरून घाल. तेवढ्यानं त्याचे गुडघे वाकले, रॅकेट खाली गेली आणि वर आली. गुडघ्याचं नावही मी काढलं नव्हतं.

हा योगायोग नाही. शिकवताना वापरलेले शब्द मुलाचं लक्ष कुठं नेतात यावर शिकणं अवलंबून असतं. जर्मनीत जन्मलेल्या संशोधक गाब्रिएले वुल्फ यांनी १९९८ मध्ये सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फावर घसरण्याच्या सरावाचं यंत्र होतं. काहींना सांगितलं, पायांच्या जोराकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, पायांखालच्या चाकांवरच्या जोराकडे लक्ष द्या. फरक चार बोटांचा. चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. पुढं अनेक खेळांत हेच दिसून आलं. लक्ष शरीराबाहेर, परिणामाकडे असलं की शरीर आपली वाट स्वतः शोधतं. लक्ष सांध्याकडे गेलं की हालचाल ताठरते.

म्हणून जैवयांत्रिकी मला माहीत असावी, मुलाच्या कानात मी ती ओतू नये, या मताचा मी झालो आहे. ‘खांदा नव्वद अंशांत वळव’ ऐवजी ‘पाठ त्या निंबाच्या झाडाला दाखव’. ‘गुडघे वाकव’ ऐवजी ‘बसायला पाट नाही आणि बसायचं आहे, असा बस’. ‘चेंडू पुढं घे’ ऐवजी ‘चेंडूला दारातच गाठ, घरात येऊ देऊ नको’. हे शेवटचं वाक्य आमच्या एका मुलीचंच आहे. आता सगळे तेच म्हणतात.

बॅकहँडला, म्हणजे हाताच्या पाठीच्या बाजूनं मारायच्या फटक्याला, फार वेळ देत नाही. बहुतेक मुलांना मी दोन हातांचाच शिकवतो. कुऱ्हाड किंवा सब्बल दोन हातांनी धरायची सवय असतेच, आणि दोन हातांमुळे धड वळल्याशिवाय फटकाच बसत नाही, साखळी आपसूक पूर्ण होते. एका हाताचा बॅकहँड देखणा आहे, पण त्यात नवशिक्याचं मनगट चेंडू लागताना आत वाकलेलं असतं. कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यापाशी मनगट उचलणारे स्नायू जोडलेले असतात. चेंडूचा धक्का त्या आधीच ताणलेल्या स्नायूंवर येतो आणि तो जोड झिजतो. हीच टेनिस एल्बो. नाव टेनिसचं असलं तरी हे दुखणं रॅकेट कधी न पाहिलेल्या, पण पिळणं, उचलणं, कापणं अशी कामं दिवसभर करणाऱ्या आयाबायांनाही होतं. एका मुलीनं मला सांगितलं की तिच्या आईचं कोपर नेमकं तिथंच दुखतं. मी तिला मनगट सरळ ठेवून कळशी उचलायला सांग म्हटलं, आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखवायलाही.

आता सर्व्हिस. इथं सगळ्यात मोठा गैरसमज असा की सर्व्हिस वरून खाली मारायची असते. आम्ही सुतळीनं हे तपासलं. बेसलाइन ते जाळं ३९ फूट. जाळ्यापलीकडे सर्व्हिसची रेघ २१ फुटांवर. जाळं मधोमध ३ फूट उंच. त्या रेघेला सुतळीचं एक टोक बांधायचं, सुतळी जाळ्याच्या मध्याला टेकवून ताणत बेसलाइनपर्यंत आणायची. ती जमिनीपासून किती उंचीवर येते? २१ फुटांत ३ फूट चढली, तर ६० फुटांत साडेआठ फुटांच्या जरा वर. सुमारे ८ फूट ७ इंच. आम्ही बांबूला सुतळी बांधून खूण केली. साडेचार फुटी मुलगी रॅकेट धरून हात उंच करते तेव्हा तारांचा मध्य कसाबसा ७ फुटांवर जातो. म्हणजे सरळ रेषेत मारलं तर चेंडू एकतर जाळ्यात जाणार, नाहीतर रेघेबाहेर. सहा फुटी माणूस तारांसह ९ फुटांच्या आसपास पोचतो. त्यालाही जेमतेम जागा मिळते, तीसुद्धा गुरुत्वाकर्षण चेंडू खाली ओढतं म्हणून. लहान, हळू सर्व्हिस करणाऱ्या मुलांनी चेंडू वरच मारायला हवा. खाली आणायचं काम पृथ्वी करते, आणि थोडं टॉपस्पिन. त्या बांबूकडे बघून पोरं गप्प झाली. त्यानंतर ‘वरून खाली हाण’ असं कुणी म्हणालं नाही.

वर मारायचं ठरलं की पायांचं काम आपोआप उघड होतं. चेंडू डाव्या हातानं वर सोडायचा. फेकायचा नाही, देवळीत दिवा ठेवताना हात जसा सावकाश उचलतो तसा उचलून सोडायचा. त्याच वेळी गुडघे वाकतात, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली जातो, धड मागं-बाजूला कलतं. मग पाय जमीन ढकलतात. कंबर वर-पुढं जाते, पण हात अजून मागंच असतो. रॅकेट पाठीमागं खाली घसरते. इथं पुष्कळ मुलांना वाटतं की रॅकेट मुद्दाम पाठीवर खाजवायला न्यायची. तशी ती न्यायची नसते. पाय वर ढकलतात तेव्हा रॅकेट मागं राहून जाते, खालच्या जोरानं मागं पडते. गोफणीची दोरीही अशीच मागं राहते. मग खांदा आतल्या बाजूला फिरतो आणि शेवटी पंजा. २०१२ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानला ऑस्ट्रेलियाच्या सॅम ग्रोथनं ताशी २६३ किलोमीटरची सर्व्हिस केली तेव्हा क्रम हाच होता.

चेंडू सुटल्यावर हात जिथं कुठं जातो त्याचा चेंडूवर काही परिणाम होत नाही, तो तर केव्हाच निघून गेलेला असतो. तरीही हात पूर्ण जाऊ द्यायचा, कारण आता ब्रेक लावायचे आहेत. खांद्याला चार लहान स्नायूंनी गुंडाळलेलं असतं. त्यांतले मागचे हा वेगातला हात थोपवतात. ब्रेक लांब अंतरात लागला तर हलका, थोड्यात लागला तर कचकन. घाटातून उतरताना ट्रॅक्टरवाला हेच जाणतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा मऊ असते, म्हणून सर्व्हिसचा सराव मी मोजूनच देतो. खांदा किंवा कोपर दुखतं असं मूल म्हणालं की त्या दिवशी सर्व्हिस बंद. ‘सहन कर’ हा शब्द आमच्या कोर्टावर चालत नाही. शेतात राबणाऱ्या घरांतल्या मुलांना दुखणं सांगायची सवय नसते. म्हणून मला रोज विचारावं लागतं.

साधनांचा प्रश्न मोठा आहे, पण शास्त्र इथंही मदत करतं. सुरुवातीला आम्ही सुताराकडून फळकुटांच्या बॅटी करून घेतल्या. मुलांचे फटके बिघडले. कारण वजन किती यापेक्षा ते मुठीपासून किती लांब आहे यावर फिरवण्याचा जडपणा ठरतो. तेच वजन दुप्पट लांब गेलं तर फिरवायला चौपट जड. कुदळ फाळाजवळ धरून बघा आणि दांड्याच्या टोकाला धरून बघा. मग फळकुटांची टोकं रंधून पातळ केली आणि लहान मुलांना मूठ वर सरकवून धरायला सांगितलं. पूर्ण लांबीची रॅकेट २७ इंची असते, मुलांसाठी १७ इंचांपासून मिळते.

चेंडूचंही तसंच. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं मुलांसाठी मऊ चेंडूंच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. लाल चेंडूला ३६ फुटी कोर्ट, नारिंगीला ६० फुटी. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायला नियमानंच बंदी आहे. याचं कारण उसळीच्या उंचीत आहे. टणक चेंडू उसळून लहान मुलाच्या डोक्यावरून जातो, आणि मूल साखळी सोडून हात वर करून कसातरी फटका मारतं. ती सवय हाडात बसते. रंगीत चेंडू परवडत नसतील तर हवा गेलेले जुने चेंडू गोळा करा. नवा चेंडू २५४ सेंटीमीटरवरून सिमेंटवर सोडला तर १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळायला हवा. आम्ही ओट्यावर भिंतीला खुणा केल्या आहेत. जे चेंडू मुलाच्या कमरेपर्यंत उसळतात ते लहानांचे.

फटका नीट बघायचा तर डोळा अपुरा पडतो. साधा मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांत ३३ मिलिसेकंदांची फट, आणि चेंडू तारांवर असतो ५ मिलिसेकंद. सहा-सात फटक्यांत एखाद्यातच तो क्षण सापडतो. २४० चित्रं घेणारा मोबाइल असेल तर प्रत्येक फटक्यात सापडतो. मोबाइल बाजूनं आणि मागून, कमरेच्या उंचीवर, विटांवर ठेवायचा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा आम्ही पहाटे साडेपाचला सुरू करून आठच्या आत घरी जातो, आणि त्या वेळी प्रकाशही चित्रणाला चांगला असतो.

एका पहाटे मी आबाजींना पुन्हा गोफण फिरवायला लावली आणि चित्रण केलं. मग त्या साडेचार फुटी मुलीच्या सर्व्हिसचं. दोन्ही एकाच क्षणाला थांबवून मुलांना दाखवलं : कंबर पुढं, खांदा निघालेला, हात मागं राहिलेला, आबाजींची दोरी आणि तिची रॅकेट दोन्ही पाठीमागं लोंबलेली. आबाजी मोबाइल डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, “हिचा डावा हात पाह्य. लवकर पडून राह्यला.”

खरंच. चेंडू सोडल्यावर तिचा डावा हात लगेच खाली येतो, त्यामुळे डावा खांदा आधीच उघडतो आणि धडाचा पीळ पायांनी ढकलायच्या आतच सुटतो. मी हे आठ दिवस शोधत होतो. आता ती चेंडू सोडल्यावर डाव्या हातानं निंबाची फांदी दाखवत राहते, पाय निघेपर्यंत.